वीज खरेदी कराराचा खर्च दरात कसा वसूल होतो: मंजुरी, कागदपत्रे आणि मुदती

वितरण कंपनीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा वीज खरेदीचा असतो. बिल भरले म्हणजे तो ग्राहकांकडून घेता येतो, असे मात्र नाही. विद्युत कायदा 2003 च्या कलम 86 नुसार खरेदीची प्रक्रिया, किंमत आणि करार राज्य वीज नियामक आयोगाच्या अखत्यारीत येतात.

कोणता खर्च पात्र?
करार आयोगाने मंजूर केलेला हवा. त्यातला दर कलम 62 खाली आयोगाने ठरवलेला असावा, किंवा कलम 63 खाली स्पर्धात्मक बोलीतून आलेला आणि आयोगाने स्वीकारलेला असावा. मंजुरीआधी घेतलेली वीज गरजेची होती, हे नंतर पटवून देणे फार जड जाते.

दर याचिका
कलम 64 नुसार अर्ज शुल्कासह दाखल करून त्याचा गोषवारा प्रसिद्ध करावा लागतो. आयोग लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन 120 दिवसांत आदेश देतो. सोबत करार व मंजुरी आदेशांच्या प्रती, स्रोतनिहाय युनिट, स्थिर (क्षमतेचा) आणि बदलता (इंधनाचा) आकार, पारेषण शुल्क, लेखापरीक्षित हिशेब आणि शपथपत्र ठेवा. राज्य भार प्रेषण केंद्राचा (राज्यातील वीजप्रवाह सांभाळणारी यंत्रणा) ऊर्जा हिशेब आणि वीजनिर्मिती कंपनीची बिले महिन्यागणिक जुळवूनच द्या. बहुतेक त्रुटी इथेच निघतात. वीजनिर्मिती संच उपलब्ध असूनही वीज उचलली नाही, तरी स्थिर आकार द्यावाच लागतो. तेव्हा त्याऐवजी कोणती वीज का घेतली, याची नोंद जपून ठेवा.

मासिक वसुली
मंजूर दर आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक 2022 च्या सुधारित विद्युत नियमांनुसार दरमहा समायोजन अधिभारातून वसूल होतो. नियमांच्या अनुसूचीप्रमाणे एप्रिलचा फरक जूनच्या बिलात. अपरिहार्य आपत्ती नसताना ही मुदत चुकली, तर त्या महिन्याचा हक्क जातो आणि तो वार्षिक ट्रू-अपमध्येही (वर्षअखेर प्रत्यक्ष खर्चाची फेरतपासणी) परत मिळत नाही. या एका अटीसाठी स्वतंत्र माणूस नेमावा, इतकी ती महत्त्वाची आहे.

आता हिशेब पाहू. समजा, 10 कोटी युनिट प्रत्येकी 30 पैसे महाग पडले. फरक झाला 3 कोटी रुपये. मंजूर वितरण हानी (ग्राहकापर्यंत पोचताना वाया जाणारी वीज) 15 टक्के असेल, तर भागाकार 8.5 कोटी युनिटने होतो, म्हणजे युनिटमागे सुमारे 35.3 पैसे. प्रत्यक्ष हानी 20 टक्के असेल, तर विक्री 8 कोटीच होते आणि सुमारे 17.6 लाख रुपये वसूल होत नाहीत. जादा हानीचा बोजा ग्राहकावर टाकता येत नाही, आणि ते योग्यच आहे.

कायद्यातील बदल
नवा कर किंवा उपकर लागल्यास 2021 च्या नियमांनुसार करारातील बाधित पक्षाने दुसऱ्या पक्षाला तीन आठवड्यांची नोटीस द्यायची, मग परिणामाचा हिशेब. वसुली सुरू झाल्यापासून 30 दिवसांत कागदपत्रे आयोगाकडे द्यायची, आणि आयोगाने 60 दिवसांत पडताळणी करायची.

ट्रू-अप आणि अपील
वर्षअखेर लेखापरीक्षित आकड्यांवर सगळे पुन्हा तपासले जाते. एखादी रक्कम नाकारली गेली, तर आदेशाची प्रत मिळाल्यापासून 45 दिवसांत कलम 111 खाली विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे जाता येते. मूळ सुनावणीत न दिलेला कागद तिथे पुढे करणे अवघड असते.