दुमुखी एलईडी दिव्यांची रचना

एकाच चौकटीतून खाली कामाच्या जागेवर आणि वर छतावर प्रकाश टाकणारा दिवा म्हणजे दुमुखी दिवा. बाजारात तो ‘अप-डाऊन लाइट’ या नावाने मिळतो. कार्यालयात किंवा जेवणाच्या टेबलावर तारांनी टांगलेली लांब पट्टी हा त्याचा एक प्रकार. भिंतीवर बसवलेला आणि भिंतीवरच वर-खाली दोन झोत उमटवणारा डबा हा दुसरा. आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने (सीआयई) दिव्यांची वर्गवारी वर किती आणि खाली किती प्रकाश जातो यावरून केली आहे. ९० टक्क्यांहून अधिक प्रकाश खाली गेला तर दिवा प्रत्यक्ष, तितकाच वर गेला तर अप्रत्यक्ष. दुमुखी दिवे या दोन टोकांच्या मधल्या तीन वर्गांत येतात.

ट्यूबलाइटच्या काळात हा प्रश्न वेगळा सोडवावा लागत नसे. ट्यूब चहूबाजूंनी उजळते, त्यामुळे उघडी टांगली की छतालाही तिचा वाटा आपोआप मिळे. एलईडीची चिप मात्र सपाट पाटीवर बसते आणि फक्त समोर प्रकाश टाकते. भिंगाशिवाय तिचा झोत साधारण १२० अंशांचा असतो, पाठीमागे काहीच जात नाही. टांगलेल्या ट्यूब काढून तिथे एलईडीच्या पट्ट्या लावल्यावर टेबलावर उजेड वाढतो, पण वरचे छत अंधारते आणि खोली बुटकी वाटू लागते, ती यामुळेच. वरचा प्रकाश हवा असेल तर त्यासाठी चिपांची वेगळी रांग द्यावी लागते. ती किती वॅटची, कोणत्या भिंगाची, छतापासून किती अंतरावर, हे सगळे मुद्दाम ठरवावे लागते.

या दिव्याचा अर्धा भाग कारखान्यात बनतो आणि उरलेला अर्धा म्हणजे ग्राहकाचे छत. ४० वॅटच्या पट्टीतून प्रति वॅट १२० लुमेनप्रमाणे (लुमेन म्हणजे दिव्यातून निघणारा एकूण प्रकाश मोजायचे एकक) ४,८०० लुमेन निघतात असे धरू. त्यातले ४० टक्के, म्हणजे १,९२० लुमेन, वर पाठवले. छताचा चुना-रंग ताजा, पांढरा आणि बिनचकाकीचा असेल तर सुमारे ८० टक्के, म्हणजे १,५३६ लुमेन परत फिरतात. रंग जुना होऊन हे प्रमाण ६० टक्क्यांवर आले की १,१५२च उरतात, आणि त्यातलेही काही भिंतींवर आपटून मगच टेबलापर्यंत पोहोचतात. छताला फिकट पिवळा रंग असेल तर परतणारा उजेडही पिवळसर होतो. जुन्या वाड्यातल्या काळवंडलेल्या सागवानी तक्तपोशीखाली असा दिवा टांगणे म्हणजे विजेचे बिल छताला पाजणे. तिथे खालमुखी दिवाच बरा. चकचकीत ऑइलपेंटवर वेगळीच पंचाईत होते. छतात चिपांची रांग आरशातल्यासारखी दिसते आणि डोळ्यांवर येते.

टांगण्याचे अंतर हा रचनेतला सर्वांत नाजूक भाग. भिंगाशिवायची लांब पट्टी छताच्या ४५ सेंमी खाली असेल, तर तिच्या बरोबर वरच्या रेषेच्या तुलनेत बाजूला ४५ सेंमीवर प्रकाश एक-तृतीयांशाच्या आसपास उरतो. पट्टी आणखी वर ओढली की मधली रेघ अधिक प्रखर आणि अधिक अरुंद होते. अंतर निम्मे केले तर रेघेवरचा प्रकाश जवळजवळ दुप्पट. मग छत उजळल्यासारखे वाटत नाही, त्यावर कोणी चुन्याचा पट्टा मारल्यासारखे दिसते. उपाय दोन: दिवा खाली आणा, नाहीतर भिंग बदला. वटवाघळाच्या पसरलेल्या पंखांसारखा झोत देणारी भिंगे सरळ वर कमी आणि तिरपा जास्त प्रकाश टाकतात, त्यामुळे ३० सेंमीवरही छत बऱ्यापैकी एकसारखे दिसते. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये छताची उंची पावणेतीन मीटरच्या आसपास असते. तिथे दिवा अर्धा मीटर खाली आणायचा म्हणजे खाली टेबल हवेच, नाहीतर येता-जाता डोक्याला लागेल असे वाटत राहते.

परदेशी कॅटलॉगांत सहसा न दिसणारी भारतीय अडचण म्हणजे छताचा पंखा. दिवा पात्यांच्या पातळीखाली असला की वर जाणारा प्रकाश फिरत्या पात्यांतून गाळला जातो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १५ वेळा सावली छतावरून सरकते, आणि समोरच्या वहीचे पान हलके थरथरल्यासारखे दिसते. ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला स्थिर वीज पुरवणारा भाग, कितीही चांगला बसवला तरी हे थांबत नाही. पंखा आणि दिवा यांच्या जागा नकाशावरच एकमेकांपासून दूर कराव्या लागतात.

पट्टीच्या आत दोन पाट्या पाठीला पाठ लावून एकाच ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर बसतात. एलईडीला दिलेल्या विजेचा मोठा हिस्सा उष्णता होऊन चिपच्या मागच्या बाजूने बाहेर पडतो. इथे दोन्ही रांगांची उष्णता त्याच धातूत उतरते. म्हणून दुमुखी दिव्याचा सेक्शन एकमुखीपेक्षा जाड किंवा रुंद घेतात, किंवा दर मीटरला वॅट कमी ठेवतात. ड्रायव्हर त्याच पोकळीत कोंबण्यापेक्षा छतालगतच्या वाटीत ठेवणे चांगले. दोन्ही रांगांना स्वतंत्र ड्रायव्हर किंवा दोन वाटांचा ‘डाली’ पद्धतीचा, म्हणजे अंकीय संदेशांवर चालणारा, ड्रायव्हर दिला, तर दिवसा खालचा आणि संध्याकाळी फक्त वरचा प्रकाश ठेवता येतो. दोन पाट्यांऐवजी दुसरी रचना म्हणजे ॲक्रिलिकचा पत्रा. कडेला लावलेल्या एकाच रांगेचा प्रकाश पूर्ण अंतर्गत परावर्तनाने पत्र्यात अडकतो आणि पृष्ठभागावरच्या बारीक ठिपक्यांपाशी वर-खाली बाहेर सुटतो. ठिपक्यांची दाटी बदलून प्रकाश पत्राभर सारखा करतात.

वरचे तोंड म्हणजे धुळीचे ताट. पहिल्या पावसानंतर पंखवाले किडे दिव्यावर येतात, आणि सकाळी वरच्या पन्हाळीत त्यांच्या पंखांचा थर साचलेला असतो. म्हणून वरची बाजू उघडी न ठेवता सपाट, गुळगुळीत झाकणाने बंद करावी, शिडीवर चढून एका फडक्याने पुसता येईल अशी. खालच्या बाजूला मुख्य काळजी डोळ्यांवर येणाऱ्या चमकेची. युरोपीय मानकात कार्यालयीन लिखापढीसाठी ५०० लक्स (दर चौरस मीटरवर ५०० लुमेन) प्रकाश आणि चमकेचा निर्देशांक १९ पर्यंत धरला आहे; निर्देशांक जितका कमी तितकी चमक कमी. छत उजळलेले असले की पार्श्वभूमी आणि दिवा यांतला विरोध कमी होतो, त्यामुळे तोच खालचा झोत डोळ्यांना कमी टोचतो. फक्त वरच प्रकाश टाकणाऱ्या दिव्यालाही हे जमते, पण त्याच्या खोलीत सावल्याच उरत नाहीत आणि माणसांचे चेहरे सपाट दिसतात.

घराबाहेरच्या भिंतीवर हिशेब उलटतो. तिथे छत नाही; वरचा झोत सज्ज्याखाली किंवा छज्जाखाली अडला नाही तर सरळ आकाशात जातो. कोकणातल्या पावसात वरच्या काचेवर पाणी साठते, रबरी पट्टी कडक होऊन फटी पडतात आणि आधी वरचीच रांग जाते. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ (रात्रीचे आकाश अंधारे राखलेले क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून खालमुखी करण्यात आले होते.