स्प्रिंक्लरची लाल नळी ६८ अंशांनाच का फुटते?

सिनेमात कुणी लायटर पेटवला की अख्ख्या मजल्यावर पाऊस सुरू होतो. त्यावर विश्वास ठेवून ‘उगाच सगळा माल भिजेल’ म्हणत स्प्रिंक्लर, म्हणजे आग विझवायला छतात बसवलेले पाण्याचे फवारे, टाळले जातात. नेहमीच्या स्प्रिंक्लरला धूर कळतच नाही. त्याला कळते ती उष्णता, आणि जो तापेल तोच फुटतो. शेजारचा कोरडाच राहतो.

छताजवळच्या पितळी तोंडात काचेची एक बारीक नळी असते. पाणी अडवणाऱ्या बुचाला तिचाच टेकू. तिच्यात ग्लिसरीनसारखा द्रव आणि मुद्दाम ठेवलेला एक बुडबुडा असतो; जवळून पाहिलं तर तो दिसतो. तापताना द्रव काचेपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतो, बुडबुडा आक्रसत जाऊन द्रवात विरतो. मग फुगायला जागाच उरत नाही. द्रव सहजी दाबला जात नाही, त्यामुळे पुढच्या थोड्याशा तापण्यानेच आतला दाब झपाट्याने चढतो. काच फुटते, बूच उडतं. म्हणजे बुडबुडा केवढा ठेवायचा, यावर तापमान ठरतं. रंग केवळ ओळखीसाठी: केशरी ५७, लाल ६८, पिवळा ७९, हिरवा ९३ अंश सेल्सिअस. तंदूरच्या डोक्यावर लाल नळी लावली, तर ती आगीविनाही फुटू शकते. ५ मिमीऐवजी ३ मिमी व्यासाची नळी लवकर फुटते, कारण द्रवाच्या मानाने तिचा पृष्ठभाग जास्त असतो. के-८० मापाच्या तोंडातून १ बार (साधारण हवेच्या दाबाएवढ्या) दाबाला मिनिटाला ८० लिटर पाणी पडतं; ते दुप्पट हवं तर दाब चौपट लागतो.

या साध्या नळीला ना वीज लागते, ना ‘स्मार्ट’ ॲप. घात होतो तो माणसांमुळे. रंगारी नळीवरही ब्रश फिरवतो, मग ती उशिरा तापते. खाली नवं फॉल्स सीलिंग येतं आणि स्प्रिंक्लर वरच अडकतात. गोदामातली थप्पी अर्ध्या मीटरच्या आत येते, पाण्याची छत्री उघडतच नाही. सगळ्यात वाईट म्हणजे दुरुस्तीसाठी बंद केलेला व्हॉल्व्ह तसाच राहतो.

कुठल्या इमारतीत स्प्रिंक्लर हवेत, हे राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या भाग ४ मध्ये उंची, क्षेत्रफळ आणि वापरानुसार दिलं आहे. बसवण्याचा तपशील आयएस १५१०५ या भारतीय मानकात. संहिता मात्र स्वतः कायदा नाही. राज्यांचे कायदे आणि स्थानिक नियमावल्या तिला बंधनकारक करतात. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार मालक किंवा भोगवटादाराला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. त्यावर सही होण्याआधी एजन्सीच्या माणसासोबत पंपघरात जा आणि व्हॉल्व्ह उघडा आहे ना, हे स्वतः पाहा.