रोजकीर्द एकच, खतावणी यूजरगणिक

इंदुरात सियागंजातल्या घाऊक किराणा पेढीची जुनी रीत आठवा. दिवसभराचे व्यवहार येतील त्या क्रमानं एकाच रोजकीर्दीत, कोणाच्या खाती काय हे नंतर खतावणीत. पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हरही तसाच. काउंटर, गोदाम आणि मुनीम असे तीन यूजर असले तरी त्यांच्या नोंदी एकाच लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, मिसळतात. यूजरगणिक वेगळी फाइल काढायची सोय त्यात मुळातच नाही; ती खतावणी आपल्यालाच करावी लागते.

पण नोंदीवर नावच नसेल तर खतावणी कशाची करणार? मूळ सेटिंगमध्ये ओळीच्या आरंभी फक्त वेळ आणि प्रोसेस क्रमांक छापला जातो. ओळीच्या आरंभी काय छापायचं ते ठरवणाऱ्या लॉग-लाइन-प्रीफिक्स या सेटिंगमध्ये टक्क्याचं चिन्ह आणि लगेच छोटा यू घातला की यूजरचं नाव येऊ लागतं; डी घातला तर डेटाबेसचं. सर्व्हर बंद करावा लागत नाही, रीलोड, म्हणजे सेटिंग पुन्हा वाचायला लावणं, पुरतं.

इथवर आल्यावर बहुतेक जण ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या कमांडनं नाव शोधून ओळी वेगळ्या करतात आणि तिथंच फसतात. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला दिलेली आज्ञा, पाच ओळींची असेल तर नाव पहिल्या ओळीवरच असतं; उरलेल्या चार टॅबनं सुरू होतात आणि गाळणीतून निसटतात. आवृत्ती 15 पासून जेसन लॉग (नाव-मूल्य जोड्यांच्या रूपातला) मिळतो. त्यात एक नोंद म्हणजे एकच ओळ, म्हणून जेक्यू या जेसन गाळणाऱ्या साधनानं यूजरनुसार गाळणं सोपं. जुन्या आवृत्तीत सीएसव्ही लॉग (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेला) घ्यावा. त्यात यूजर दुसऱ्या रकान्यात असतो, पण अवतरणचिन्हांच्या आत ओळ तुटू शकते. तेव्हा ऑक या ओळीओळीनं वाचणाऱ्या साधनाच्या नादी न लागता पोस्टग्रेसच्या कॉपी कमांडनं तो सरळ टेबलात भरावा.

नोंदी मुळातच कमी करायच्या तर ऑल्टर रोल ही यूजरचं सेटिंग बदलणारी आज्ञा वापरून मुनीमची प्रत्येक क्वेरी आणि काउंटरच्या फक्त 500 मिलिसेकंदांवरच्या क्वेरी लिहायला सांगता येतं. काम सुपरयूजरचं, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या यूजरचं. बदल नव्या सेशनलाच लागू होतो. पूलमधली, म्हणजे पुन्हा वापरायला उघडी ठेवलेली, जुनी कनेक्शनं तासन्‌तास जुन्याच नियमानं चालतात.

खरी पंचाईत वेगळीच. बिलिंगचं सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी एकच लॉगिन वापरत असेल, तर लॉगला माणसं दिसतच नाहीत. सेट रोलनं मधेच दुसऱ्या यूजरची भूमिका घेतली तरी छापलं जातं ते लॉगिनचंच नाव. ॲप्लिकेशन नेम हा रकाना मदतीला येतो, पण तो सॉफ्टवेअर स्वतः भरतं; पुरावा म्हणून त्याची किंमत तेवढीच. कनेक्शन आल्याची पहिली नोंदही नावाविना असते, कारण ओळख तोवर पटलेली नसते. ती पुढच्या नोंदींशी जोडायला सेशन आयडी घ्यावा; कारण प्रोसेस क्रमांक पुन्हा दुसऱ्याला मिळू शकतो.

आणखी एक. ऑल्टर रोलमध्ये पासवर्ड साध्या अक्षरांत दिला आणि स्टेटमेंट लॉग चालू असला, तर तो जसाच्या तसा फाइलमध्ये उतरतो. मूळ लॉगची परवानगी 0600, म्हणजे फक्त मालकापुरती, असते; स्क्रिप्टनं काढलेल्या वेगळ्या फाइली मात्र बहुधा 0644 नं बनतात, म्हणजे त्या मशीनवर कोणालाही वाचता येतात. स्क्रिप्टच्या आरंभी यूमास्क 077 लिहावा, म्हणजे नव्या फाइली इतरांना बंद राहतात.