सोबत्याची शिकवणी आणि एसआय: ज्युनिअर्सना शिकवायचं आहे, पण नेमकं कसं?

आमच्या बडोद्यात बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं येऊन विचारतात, ‘मॅडम, ज्युनिअर्सना शिकवायचंय. सुरुवात कशी करू?’ मी आधी विचारते: एकेकाला घेऊन बसायचंय, की सगळ्या वर्गासाठी बसायचंय? बऱ्याच जणांना हे दोन्ही एकच वाटतं. मलाही वाटायचं. विद्यार्थिनी असताना मी दोन्ही केलं, आणि दोन्हींतला फरक न कळल्यामुळे अख्खं एक सत्र वाया घालवलं.

पहिला प्रकार पीअर ट्युटरिंग, म्हणजे सोबत्याची शिकवणी. ज्याला अडलंय तो येतो, काय अडलंय ते तोच सांगतो आणि तो तास पूर्ण त्याचा असतो. दुसरा प्रकार सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन, म्हणजे एका विषयाच्या सगळ्या वर्गासाठी सीनिअरने घेतलेल्या गटाच्या बैठका. सगळे त्याला एसआय म्हणतात. ब्रिटन-ऑस्ट्रेलियात काही विद्यापीठांत ‘पास’ म्हणतात. १९७३ साली अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठात, कॅन्सस सिटीला, डियाना मार्टिन यांनी तो सुरू केला. कच्चे विद्यार्थी कोण हे त्यांनी शोधलंच नाही. त्यांनी अवघड विषय शोधले. ज्या विषयात साधारण ३० टक्के किंवा त्याहून जास्त मुलं नापास होतात, काठावर राहतात किंवा विषयच सोडतात, तो विषय एसआयला घ्यायचा. मग त्या वर्गातल्या कुणीही यावं, तेही पहिल्या आठवड्यापासून.

बाकीचे सगळे फरक इथूनच फुटतात. शिकवणीला जायचं म्हणजे ‘मला येत नाही’ हे आधी कबूल करायचं. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या कितीतरी मराठी घरांत घरी मराठी, गल्लीत गुजराती, शाळाही गुजराती माध्यमाची. आणि सयाजीराव विद्यापीठात शिकवण्याची भाषा इंग्रजी. पहिल्या वर्षाच्या मुलीला चारचौघांत ‘कळलं नाही’ म्हणणं जिवावर येतं. एसआयला वर्गात पहिला येणाराही येतो आणि गटांगळ्या खाणाराही, त्यामुळे तिथे जाण्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पण अडचण मुळात भाषेचीच असेल, तर मला शिकवणीच बरी वाटते. समोरासमोर बसल्यावर ती मुलगी मराठीत विचारू शकते, मधेच गुजराती शब्द घालू शकते, तीच गोष्ट तीनदा विचारू शकते.

एक गणित दोन्हीकडे कसं चाललं ते सांगते. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन: पाणी किती होईल, आणि काय उरेल? लिमिटिंग रिएजंटचं, म्हणजे कुठला पदार्थ आधी संपतो ते ओळखायचं, नेहमीचं गणित.

शिकवणीला आलेल्या मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘हायड्रोजन कमी आहे, तो आधी संपेल.’ मी उत्तर चूक म्हटलं नाही, ‘कमी कशावरून?’ एवढंच विचारलं. ती ग्रॅमवरून बोलत होती. मोल, म्हणजे रेणू मोजायचं एकक, काढायला लावले: हायड्रोजन ५, ऑक्सिजन २. दोन हायड्रोजनला एक ऑक्सिजन हे प्रमाण तिने स्वतः मांडलं, ४ मोल हायड्रोजन वापरला, १ मोल म्हणजे २ ग्रॅम उरला, पाणी ७२ ग्रॅम. वीस मिनिटं लागली, पण तिची चूक नेमकी कुठे होती ते दोघींनाही दिसलं.

एसआयला बारा जण होते आणि निम्म्यांची चूक तीच. मला सांगून टाकायची फार घाई झाली होती, पण लीडरने, म्हणजे एसआयची बैठक घेणाऱ्या सीनिअरने, पुन्हा शिकवायचं नसतं. मी प्रश्न तसाच गटाकडे परतवला. बराच वेळ कुणी बोलेना. मग मागचा एक मुलगा म्हणाला, ‘दीदी, सेव-उसळच्या एका वाडग्याला दोन पाव. पाव पाच, वाडगे दोन. एक पाव उरणार.’ शेजारची लगेच म्हणाली, ‘तो पाव म्हणजे हायड्रोजन!’ हे मला कधी सुचलं नसतं.

वाया गेलेल्या त्या सत्रात मी एसआयच्या नावाखाली फळ्यापाशी उभी राहून सरांचंच लेक्चर पुन्हा देत होते. मुलं उतरवून घ्यायची आणि परीक्षेत तिथेच अडायची.

तयारीही वेगळी. एसआयच्या लीडरने तो विषय चांगल्या गुणांनी पूर्ण केलेला असतो, तरी तो पुन्हा प्रत्येक लेक्चरला बसतो, नोट्स काढतो आणि आठवड्याला दोन-तीन बैठका घेतो. ट्युटरला लेक्चरला बसावं लागत नाही. त्याला ऐकून घ्यायला शिकावं लागतं. अमेरिकेतली कॉलेज रीडिंग अँड लर्निंग असोसिएशन ट्युटरच्या पहिल्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी १० तासांचं प्रशिक्षण आणि २५ तासांची प्रत्यक्ष शिकवणी मागते. आणि ट्युटरने जर्नल लिहून द्यायचं नाही, मैत्रीण असली तरी. पैसे घेऊन घरी घेतलेली ट्यूशन हा तिसराच मामला, तो इथे नको.

तुमच्या विभागात दोन्ही नसेल तर शिकवणीपासून सुरुवात करा. तिला एक टेबल आणि ठरलेली वेळ पुरते. एसआयला खोली, वेळापत्रकात जागा आणि शिकवणाऱ्या सरांची संमती लागते. टेबलावर एक वही ठेवा. कोण आलं ते लिहू नका, काय अडलं तेवढंच तारखेसह लिहा. महिन्याभरात एकच शंका सात-आठ जणांकडून आली, तर ती वही घेऊन सरांकडे जा आणि पुढच्या सत्रात त्यांच्या लेक्चरला पुन्हा बसायची परवानगी मागा.