पकच्या जागेवरून पाहिलं तर: कमी उंचीच्या गोलकीपरने किती पुढे उभं राहावं?

जून २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत महिलांचा आइस हॉकी आशिया चषक झाला आणि भारताच्या मुलींनी कांस्यपदक आणलं. संघ बहुतेक लडाखचा. आपल्या नागपुरात आइस हॉकीची रिंक नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तिथे ती असावी अशी अपेक्षाही नाही. पण सिमेंटच्या रिंकवर चाकांचे बूट घालून हॉकी खेळणारी पोरं इथेही आहेत, आणि रिंकच्या कठड्याला टेकून त्यांना सल्ले देणारे आईवडीलही. गोलमध्ये एखादी लहानखुरी मुलगी उभी असली की सल्ला ठरलेला: "कायले मांगं उभी हायेस? समोर ये न!"

उंची कमी आहे, तर पुढे सरकून ती भरून काढायची, हा समज जगभरच्या रिंकांवर आहे. तो निम्मा बरोबर आहे. बरोबर का आणि निम्माच का, हे दहावीच्या भूमितीतल्या 'समरूपता' या पहिल्या प्रकरणावर आणि थोड्या गतिशास्त्रावर समजतं. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण इथे भूमिती एक सांगते आणि गतिशास्त्र नेमकं उलटं सांगतं.

आधी मापं. आइस हॉकीचा गोल १८३ सेंटिमीटर रुंद आणि १२२ सेंटिमीटर उंच असतो. पक म्हणजे कडक रबराची चकती, साडेसात सेंटिमीटर व्यासाची, अडीच सेंटिमीटर जाड, वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे जवळपास क्रिकेटच्या चेंडूइतकं. चांगल्या खेळाडूचा फटका ताशी १४५ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला ४० मीटर वेगाने येतो. गोलपुढे निळ्या रंगाचा जो पट्टा असतो त्याला क्रीज म्हणतात. त्याचं पुढचं टोक गोलरेषेपासून १.८ मीटरवर असतं. गोलकीपर या १.८ मीटरच्या पट्ट्यात कुठे उभा राहतो, त्याला त्याची 'खोली' म्हणतात.

समजा पक गोलसमोर ९ मीटरवर आहे. पकच्या जागी एक दिवा ठेवलाय असं माना. गोलकीपरची सावली जाळीवर पडेल, आणि जाळीचा जेवढा भाग सावलीत, तेवढा सुरक्षित. गोलकीपर दिव्याकडे सरकला की सावली मोठी होते. समरूप त्रिकोणांनी हिशेब मांडला तर गोलरेषेवर उभं राहून १८३ सेंटिमीटर रुंदी सांभाळावी लागते. दीड मीटर पुढे आलं की १५२ सेंटिमीटर सांभाळली तरी पुरतं. कठड्यावरच्या बाबांचं म्हणणं इथवर शंभर टक्के खरं.

कमी उंचीच्या गोलकीपरची खरी अडचण मात्र रुंदीत नाही, खांद्यांच्या वर आहे. आजचे गोलकीपर 'बटरफ्लाय' पद्धतीने खेळतात: गुडघे बर्फावर टेकवायचे आणि पाय दोन्हीकडे पसरून खालची जाळी पॅडनी झाकायची. माणसाच्या खांद्याची उंची त्याच्या एकूण उंचीच्या साधारण ८२ टक्के असते आणि गुडघ्याची साधारण २९ टक्के. म्हणजे गुडघ्यांवर बसल्यावर खांदा एकूण उंचीच्या सुमारे ५३ टक्क्यांवर येतो. १९३ सेंटिमीटरच्या धिप्पाड गोलकीपरचा खांदा १०२ सेंटिमीटरवर, १६८ सेंटिमीटरच्या गोलकीपरचा, म्हणजे आपल्या लहानखुऱ्या मुलीचा, ८९ वर. गुडघ्याखालच्या गादीची जाडी आणि पुढे झुकण्यातला फरक मी सोडून दिला आहे, कारण तो दोघांनाही लागू पडतो. आता वरचा आडवा दांडा १२२ वर. गोलरेषेवर बसलं तर उंच माणसाच्या खांद्यावर २० सेंटिमीटर मोकळे, आपल्या मुलीच्या खांद्यावर ३३.

पक बर्फावरून सुटतो. तिथून दांड्याकडे जाणारी रेषा चढत चढत जाते, म्हणून पुढे सरकलं की ती आपल्याजवळून अधिक खालून जाते. गोलपासून अर्ध्या मीटरवर तिची उंची ११५ सेंटिमीटर, दीड मीटरवर १०२. उंच गोलकीपर अर्धा मीटर पुढे आला की त्याच्या खांद्यावरची फट १३ सेंटिमीटर उरते. आपल्या मुलीला तेवढ्याच १३ सेंटिमीटरवर यायला दीड मीटर पुढे यावं लागतं. उंचीत फरक २५ सेंटिमीटरचा, आणि उभं राहण्याच्या जागेत पूर्ण एक मीटरचा!

आता डोळ्यांची गंमत. फटका मारणारा खेळाडू पाहतो पावणेदोन-एक मीटर उंचीवरून, पक 'पाहतो' जमिनीवरून. आपली मुलगी दीड मीटर पुढे बसली आहे. १८० सेंटिमीटर उंचीवरच्या डोळ्यांतून पाहिलं तर तिच्या खांद्यावर ४३ सेंटिमीटर जाळी मोकळी दिसते. पकसाठी मात्र तिथे मोकळे आहेत फक्त १३. मारणाऱ्याला खिंडार दिसतं, पकला फट. प्रेक्षक तर याहूनही उंचावर बसतात, म्हणून त्यांना लहानखुरी गोलकीपर नेहमीच केविलवाणी दिसते आणि 'हिला गोलमध्ये उभं कोणी केलं' असा प्रश्न पडतो.

हे घरी करून बघण्यासारखं आहे. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये भिंतीवर खडूने सहा फूट रुंद, चार फूट उंच चौकट आखा. तिच्यापासून तीस फुटांवर जमिनीला टेकून एक वीट ठेवा. विटेला दोन सुतळ्या बांधून त्यांची दुसरी टोकं चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांना चिकटवा आणि मुलीला सुतळ्यांच्या मधोमध गुडघ्यांवर बसवा. ती पुढे सरकेल तशा सुतळ्या तिच्या खांद्यांकडे उतरताना आणि दंडांकडे सरकताना दिसतात. मग मोबाइल विटेजवळ जमिनीवर आडवा ठेवून एक फोटो काढा आणि तिथेच उभं राहून दुसरा. दोन फोटो शेजारी ठेवले की वरचा सगळा परिच्छेद वाचायची गरज उरत नाही. एक बारकावा राहतो: सुतळी सरळ असते, पकची वाट गुरुत्वाकर्षणामुळे किंचित कमानदार. सेकंदाला ४० मीटरच्या फटक्यात कमान दीड मीटरच्या जागी सुतळीच्या ३ ते ४ सेंटिमीटर वरून जाते, २५ मीटरच्या फटक्यात ९ सेंटिमीटर वरून. म्हणून हळू मारलेला, वर उचललेला पक पुढे आलेल्या गोलकीपरला जास्त छळतो.

इथपर्यंत फक्त भूमिती झाली. भूमितीत पक एकाच जागी असतो, खेळात तो नसतो.

गोलच्या दोन्ही बाजूंना बर्फावर लाल ठिपके असतात, गोलरेषेपासून ६.१ मीटरवर आणि मधल्या अक्षापासून ६.७ मीटर बाजूला. एका ठिपक्यावरचा खेळाडू दुसऱ्या ठिपक्यावरच्या साथीदाराला आडवा पास देतो आणि तो आला तसा गोलवर मारतो. गोलच्या मध्यापासून पाहिलं तर पकची दिशा सुमारे ९५ अंशांनी फिरली. गोलकीपरलाही तेवढंच फिरून नव्या रेषेवर यायचं आहे. अर्धा मीटर खोलीवर असेल तर त्याला ७४ सेंटिमीटर सरकावं लागतं. दीड मीटरवर असेल तर २ मीटर २० सेंटिमीटर. खोली तिप्पट, म्हणून अंतरही तिप्पट.

वेळ किती? पास १३.४ मीटरचा. सेकंदाला २० मीटर वेगाने गेला तर ०.६७ सेकंद. पास सुटला हे कळायला गोलकीपरचे साधारण ०.२ सेकंद जातात, आणि नंतर फटका गोलपर्यंत यायला जवळपास तेवढेच लागतात, म्हणून ते दोन्ही एकमेकांत वजा धरू. थांबलेल्या अवस्थेतून निघायचं, अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा, उरलेल्या अर्ध्यात कमी करायचा आणि थांबायचं. लागणारं त्वरण म्हणजे अंतराची चौपट भागिले वेळेचा वर्ग. ७४ सेंटिमीटरसाठी ते येतं ६.६ मीटर प्रतिसेकंद वर्ग, गुरुत्वीय त्वरणाच्या दोन-तृतीयांश. कठीण, पण सराव केलेल्या पायांच्या आवाक्यातलं. २ मीटर २० सेंटिमीटरसाठी येतं १९.६. म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या बरोबर दुप्पट! अंगावर तीस-चाळीस पौंडांचं साहित्य चढवून, एका पायाच्या रेट्याने, आडवं. हे कुणालाच जमणार नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं: छोटी माणसं चपळ असतात, त्यांना जमेल. यात तथ्य आहे, पण ते मोजून पाहिलं पाहिजे. गॅलिलिओने १६३८ मध्ये दाखवून दिलं की आकार वाढला की हाडांची ताकद लांबीच्या वर्गाने वाढते आणि वजन घनाने; स्नायूंच्या ताकदीलाही हेच लागू पडतं. म्हणून इतर सगळं सारखं असेल तर शरीराला मिळणारं त्वरण लांबीच्या व्यस्त प्रमाणात. १९३ भागिले १६८, म्हणजे छोट्या गोलकीपरला सुमारे १५ टक्के जास्त त्वरण. तेवढ्याच वेळात ती ७४ ऐवजी ८५ सेंटिमीटर सरकेल. याचा अर्थ आडव्या पासची भीती असताना उंच गोलकीपर ५० सेंटिमीटर खोलीवर उभा राहत असेल, तर तिने राहावं सुमारे ५८ सेंटिमीटरवर. खांद्यावरची फट मागते एक मीटर आणि चपळाई देते ८ सेंटिमीटर. समजातला बिघाड नेमका इथे आहे.

उंचीचं निघालंच आहे तर एक सांगितलं पाहिजे. 'सहा महिन्यांत उंची वाढवा' म्हणणाऱ्या पावडरींच्या आणि दांड्याला लटकण्याच्या यंत्रांच्या जाहिराती खेळणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना बरोबर गाठतात. लांब हाडांच्या टोकाशी असलेल्या कूर्चेच्या पट्ट्या वाढतात तोवर उंची वाढते, किशोरवयाच्या शेवटी त्या हाडात मिसळून जातात. त्यानंतर कुठलीही पावडर त्या उघडू शकत नाही. तो पैसा चांगल्या पॅडवर घालावा. पॅट्रिक रॉयसारखा महान गोलकीपर सामन्यात गोलच्या खांबांशी बोलत असे, हे प्रसिद्ध आहे. त्याने त्याचं मन स्थिर होत असेल. पण खांबांनी त्याचे गोल वाचवले नाहीत, त्याच्या जागेच्या अचूकतेने वाचवले.

मग किती पुढे? ठरावीक आकडा नाहीच, आणि कमी उंचीच्या गोलकीपरच्या बाबतीत तर तो शोधणंच चूक. तिची खोली क्षणाक्षणाला बदलली पाहिजे, उंच गोलकीपरपेक्षा कितीतरी जास्त. पक एकट्याकडे आहे, पास घ्यायला कुणी मोकळं नाही, मारणारा समोर दिसतोय: अशा वेळी बोटं क्रीजच्या कडेला आणायची, दीड मीटर किंवा थोडं अधिकच. दुसऱ्या बाजूला एक जरी मोकळा खेळाडू दिसला की, पास सुटण्याआधी, अर्ध्या मीटरच्या आसपास परतायचं. पास सुटल्यावर तिरपं मागे सरकायचं म्हटलं, तर दीड मीटरवरून पलीकडच्या ६० सेंटिमीटरच्या जागेपर्यंत पावणेदोन मीटरच्या आसपास अंतर पडतं, आणि लागणारं त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या दीडपट. तेही हाताबाहेरचं. म्हणून तिचं पहिलं कौशल्य पायांचं नाही, मानेचं: पक दूर असताना खांद्यावरून नजर टाकून कोण मोकळं आहे हे पाहून ठेवणं.

मागे आल्यावर खांद्यावर २६ सेंटिमीटर उघडे पडतात. ते झाकायचे उभं राहून. १६८ सेंटिमीटरच्या गोलकीपरचा खांदा ताठ उभं असताना १३८ सेंटिमीटरवर असतो, दांड्याच्याही वर. वाकलेल्या पवित्र्यातही तो गुडघ्यांवर बसल्यापेक्षा बराच वर राहतो. वाकलेले गुडघे बर्फापासून ४० सेंटिमीटर वर धरले, तर नुसत्या गुरुत्वाने ते खाली यायला ०.२९ सेकंद लागतात. फटका साडेआठ मीटरवरून ०.२१ सेकंदात पोचतो. म्हणजे फटका सुटल्यावरच बसायला सुरुवात केली तर पक येताना खांदे अजून वरच असतात. त्याची किंमत म्हणजे पायांमधली फट उशिरा बंद होते, तिथे काठी बर्फावर घट्ट टेकलेली हवी. उंच गोलकीपर आधीच बसून मोकळा होतो, त्याला ते परवडतं.

इतिहासात दोन्ही टोकं सापडतात. १६० सेंटिमीटरच्या रॉय वर्टर्सने १९२९ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी जिंकली, हा मान मिळवणारा तो पहिला गोलकीपर. तेव्हा गोलकीपर उभ्यानेच खेळत आणि काठ्यांची पाती सपाट असत. १८० सेंटिमीटरचा टिम थॉमस क्रीजच्या बाहेरपर्यंत धावून यायचा. २०११ मध्ये बॉस्टनच्या संघाने एनएचएलचा स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा तोच त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होता. त्याच काळात १८५ सेंटिमीटरचा हेन्रिक लुंडक्विस्ट गोलरेषेला जवळजवळ चिकटून खेळायचा आणि जगातल्या पहिल्या दोन-तिघांत गणला जायचा. आज नॅशव्हिल संघाचा युसे सारोस १८० सेंटिमीटर उंचीवर एनएचएलमध्ये टिकून आहे, जिथे १९० च्या वरचे गोलकीपर सर्रास दिसतात आणि बेन बिशप तर २०१ चा होता.

पक गोलच्या मागे गेला की खोलीचा प्रश्नच मिटतो, सगळ्यांनाच खांबाला चिकटावं लागतं. तिथे एक गुडघा टेकून खांद्याने खांबाला रेलायची आधुनिक पद्धत उंच मुलांच्या मापाने शिकवली जाते, आणि कमी उंचीच्या मुलीच्या कानाजवळ, दांडा आणि खांब जुळतात त्या कोपऱ्यात, पकभर जागा सुटते. तिला तिथे उभ्याने खांब धरायला शिकवावं, आणि गुडघा टेकायचा तो पक अगदी बर्फालगत, खांबाशी आल्यावरच.