सातारा-सांगलीच्या कोर्टातून हेगच्या अभियोक्ता कार्यालयात: पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

नेदरलँड्समधल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात अभियोग पक्षाकडून (म्हणजे खटला चालवणाऱ्या बाजूने) काम करायचं म्हटलं की आपल्याकडचा वकील आधी परदेशी एलएलएमची चौकशी करतो. पदवी हवीच, पण तिथे अनुभवाची वर्षं काटेकोरपणे मोजतात. त्यामुळे सेशन कोर्टातलं काम आजपासून कागदावर आणा, हे माझं पहिलं सांगणं.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. हे न्यायालय ज्या करारातून उभं राहिलं, त्या रोम कराराचा भारत सदस्य नाही. १९९८ साली स्वीकारलेला हा करार १ जुलै २००२ पासून लागू झाला. भारतीय नागरिकाला अर्ज करता येतो, मात्र प्राधान्य सदस्य देशांच्या उमेदवारांना मिळतं. मुख्य अभियोक्ता तर सदस्य देश गुप्त मतदानाने ९ वर्षांसाठी निवडतात. आपण अर्ज करायचा तो त्याच्या हाताखालच्या पदांसाठी.

पी-२ श्रेणीला (व्यावसायिक पदांची खालची पायरी) साधारणपणे एलएलएम आणि २ वर्षांचा संबंधित अनुभव लागतो, नुसती एलएलबी असेल तर ४ वर्षांचा. त्यावरच्या पी-३ ला हेच ५ आणि ७ वर्षं होतात. इंग्रजी किंवा फ्रेंचवर पक्की पकड हवी. दुसरी भाषाही येत असेल तर फायदाच.

खरी अडचण येते ती अनुभवाच्या पुराव्याची. ज्युनिअर सिनिअरसोबत वर्षानुवर्षं उभा राहतो, साक्षीदाराची उलटतपासणीही घेतो, पण वकीलपत्रावर नाव सिनिअरचंच. मग रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या दैनंदिन नोंदीत, तुमची नोंद कुठून येणार? प्रत्येक वकीलपत्रावर स्वतःची सही करा. खटला क्रमांक, कलमं, तपासलेले साक्षीदार आणि निकाल एका वहीत लिहीत जा. महत्त्वाच्या निकालांच्या प्रमाणित नकला वेळीच काढा. सरकारी वकिलांना सहाय्य केलं असेल तर त्यांच्याकडून कामाचं स्वरूप आणि तारखांसह पत्र घ्या. खून, बलात्कार, सामूहिक हिंसा अशा खटल्यांचा अनुभव तिथल्या कामाच्या सर्वांत जवळचा. कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय. सातारा-सांगलीची फौजदारी अपिलं आता तिथेच चालतात, तेव्हा अपिलाचा अनुभवही जवळच मिळेल.

बाकी कागदपत्रं नेहमीचीच: पासपोर्ट, सनद, पदवी आणि सर्व मार्कशीट. मार्कशीटवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर शेवटी असेल, स्पेलिंगही वेगळं असेल, तर दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा. पदवीला अपोस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) लागलंच तर आधी राज्य शासनाची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालय. यात बराच वेळ जातो.

शेवटच्या वर्षाला असाल, मग साताऱ्याच्या इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजात असा की सांगलीत, तर इंटर्नशिपपासून सुरुवात करा. पदव्यांच्या प्रती, दोन शिफारसपत्रं आणि छोटा निबंध लागतो. बहुतेक इंटर्नशिप बिनपगारी असतात. हेगचं घरभाडं परवडेल का, हे घरी बसून आधीच ठरवा.

अर्ज फक्त न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर, ऑनलाइन. जाहिरातीतल्या प्रत्येक अटीसमोर तुमचा एकेक खटला मांडून प्रेरणापत्र (मोटिव्हेशन लेटर) लिहा. भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर न्यायालय फी घेत नाही. कुणी एजंट पैसे मागत असेल तर एक रुपयाही देऊ नका.