जीव गेला तर दावा नाही: एका जुन्या नियमाची पार्श्वभूमी

कुणाच्या हलगर्जीपणामुळे माणूस दगावला, तर त्याच्या घरच्यांना नुकसानभरपाई मागता येते, हे आज वेगळं सांगावं लागत नाही. पण ज्या इंग्रजी कायद्यातून हे दावे देशोदेशी पसरले, त्यात दोनशे वर्षांपूर्वी नेमका उलटा प्रकार होता. माणूस जखमी झाला तर दावा चाले, मेला तर नाही.

1808 सालचा ‘बेकर विरुद्ध बोल्टन’ हा खटला घ्या. लंडन आणि पोर्ट्समथ यांच्यामध्ये धावणारी घोडागाडी उलटली. टपावर एक जोडपं बसलेलं. नवऱ्याचा दारूचा गुत्ता होता आणि बायको धंद्यात त्याच्या बरोबरीने राबत असे. त्याला मुका मार लागला. ती महिनाभराने इस्पितळात वारली. त्याने गाडीच्या मालकांवर दावा लावला. न्यायाधीश लॉर्ड एलेनबरो यांनी ज्यूरीला बजावलं, की नवऱ्याला लागलेला मार मोजा, बायको जिवंत होती तोवरचा तिचा तुटलेला सहवास मोजा, पण तिने प्राण सोडला तिथे हिशेब थांबवा. माणसाचा मृत्यू ही दिवाणी न्यायालयात दाद मागण्याजोगी हानीच नाही. ज्यूरीने 100 पौंड दिले. या नियमाला एलेनबरो यांनी ना आधीच्या निकालाचा दाखला दिला, ना कारण. खटल्याचा वृत्तान्तही जेमतेम काही ओळींचा. तो लिहून छापणारा तरुण वकील होता जॉन कॅम्पबेल. हे नाव लक्षात ठेवा.

नियम अगदीच हवेतून आला नव्हता. अँग्लो-सॅक्सन काळात मारणाऱ्याने मृताच्या नातलगांना ‘वेरगिल्ड’ म्हणजे जिवाची किंमत मोजायची, अशी रीत होती. पुढे मनुष्यवध हा राजाविरुद्धचा गुन्हा ठरला. गुन्हेगाराला फाशी आणि त्याची मालमत्ता राजाकडे जमा, मग कुटुंबाने मागायचं कोणाकडे? शिवाय ‘डिओडँड’ नावाची एक विचित्र प्रथा होती. ज्या वस्तूमुळे जीव गेला ती वस्तू, मग ती गाडी असो, बैल असो की चाक, दोषी मानून तिची किंमत राजाकडे भरायची. व्यवहारात ज्यूरी बहुधा किरकोळ रक्कम ठरवत असे.

मग आगगाडी आली. 24 डिसेंबर 1841 च्या पहाटे इंग्लंडमधल्या सॉनिंग इथे ग्रेट वेस्टर्न रेल्वेची गाडी रुळांवर घसरून आलेल्या मातीत घुसली. गरीब प्रवाशांचे उघडे डबे इंजिनाच्या लगेच मागे जोडलेले आणि त्यांच्या मागे मालाचे जड डबे. मधली माणसं चिरडली गेली. चौकशीत ज्यूरीने डिओडँड लावला 1000 पौंड. आता मात्र रेल्वे कंपन्या हबकल्या. वस्तूला दंड करण्याची ही जुनाट प्रथा मोडायलाच हवी होती, पण ती मोडून मृतांच्या घरच्यांच्या हाती काहीच ठेवलं नाही, तर ती कंपन्यांना दिलेली निव्वळ सूट ठरली असती. म्हणून ऑगस्ट 1846 मध्ये दोन कायदे पाठोपाठ झाले. एकाने डिओडँड रद्द केला आणि दुसऱ्याने कुटुंबाला दावा करण्याचा हक्क दिला. दुसरा कायदा पुढे रेटणारे सरदार होते लॉर्ड कॅम्पबेल, म्हणजे 1808 च्या त्या ओळी छापणारे तेच जॉन कॅम्पबेल. कायदा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

खरी मेख मात्र त्या कायद्यातच होती. एलेनबरोंचा नियम त्याने पुसला नाही, त्यावर ठिगळ लावलं. दावा फक्त नवरा, बायको, आईवडील आणि मुलं यांच्यासाठी. भावंडांना जागा नाही. मुदत बारा महिन्यांची. भरपाई कशाची, हे मोघम ठेवलं होतं. तो प्रश्न 1852 मध्ये एका विधवेच्या रेल्वेविरुद्धच्या दाव्यात सुटला: पैशात मोजता येईल तेवढंच मिळेल, दुःखाचं काही नाही. कॅम्पबेल तेव्हा त्याच न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

ठिगळ भराभर पसरलं. न्यूयॉर्कने 1847 मध्ये असाच कायदा केला, भारतात तो 1855 मध्ये आला. मूळ नियम मात्र चिवट निघाला. 1912 मध्ये ‘अमेरिका’ नावाच्या जहाजाने ब्रिटिश नौदलाची पाणबुडी बुडवली. मृतांच्या कुटुंबांना दिलेलं निवृत्तिवेतन नौदलाने वसूल करू पाहिलं, तेव्हा 1917 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, एलेनबरोंचं तेच वाक्य पुढे करून नकार दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सागरी कायद्यापुरता हा नियम टाकून दिला तो थेट 1970 मध्ये.

‘पैशात मोजता येईल तेवढंच’ या सूत्रातून आजचं गणित आलं: मृताची वर्षाची कमाई घ्या, त्यातून तो स्वतःवर करत असे तो खर्च वजा करा, उरलेल्याला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणा. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये वाहन अपघातांसाठी त्याचा तक्ताच घालून दिला. अविवाहित असेल तर साधारण निम्मी कमाई वजा. वय 15 ते 25 असेल तर गुणक 18. वकिलाने कागदावर ही आकडेमोड मांडली की घरच्यांना ती अंगावर येते. आपल्या माणसाचा ‘स्वतःचा खर्च’ वजा होताना बघणं सोपं नाही. आणि घरात राबणाऱ्या, पगार नसलेल्या बाईपाशी हे सूत्र अडखळतं, ते काही अपघाताने नव्हे. गुत्तेवाल्याची बायको आठवा.

दुःखासाठी वेगळी रक्कम इंग्लंडमध्ये 1982 च्या कायद्याने आली, 3,500 पौंड. 2020 मध्ये ती 15,120 झाली. ती जोडीदाराला मिळते, किंवा अठराच्या आतल्या अविवाहित मुलाच्या आईवडिलांना. मुलगा एकोणीस वर्षांचा असेल, तर त्यांना नाही.